सोळा पायऱ्यांपलीकडचा कार्टर

हॉवर्ड कार्टर हे नाव घेतले की डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. जमिनीखालचा काळोख, भिंतीला पाडलेले एक भोक, हातात मेणबत्ती आणि पलीकडे तीन हजार वर्षे झाकून राहिलेले सोने. ते चित्र खरे आहे. पण कार्टर हा माणूस समजून घ्यायचा तर मी त्या मेणबत्तीपाशी सुरुवात करणार नाही. त्याच्या सतरा वर्षे मागे, कैरोजवळच्या सक्कारा या गावी जाईन.

तारीख ८ जानेवारी १९०५. पंधराएक फ्रेंच प्रवासी तिथली भुयारी थडगी बघायला आले. मंडळी प्यायलेली होती. काहींनी तिकिटे काढली होती, काहींनी काढली नव्हती, आणि आत तर सगळ्यांनाच जायचे होते. इजिप्शियन पहारेकऱ्यांनी अडवले तेव्हा धक्काबुक्की झाली. कार्टर त्या वेळी पुराणवस्तू खात्याचा तिथला मुख्य निरीक्षक होता. तो धावत आला, दोन्ही बाजूंचे ऐकून घेतले आणि पहारेकऱ्यांना स्वतःचे रक्षण करण्याची मुभा दिली. मग चांगलीच हाणामारी झाली. काही साहेब लोकांना मार बसला.

इजिप्तवर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि पुराणवस्तू खाते फ्रेंचांच्या हाती. देशी पहारेकऱ्याने गोऱ्या माणसावर हात उचलणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या त्या काळातल्या वाचकाला वेगळे सांगावे लागले नसते. फ्रेंच वकिलातीने तक्रार केली. इजिप्तचा खरा सत्ताधीश लॉर्ड क्रोमर याचे म्हणणे एवढेच होते की कार्टरने दोन शब्दांत दिलगिरी व्यक्त करावी, म्हणजे विषय संपेल. खात्याचा प्रमुख गॅस्टन मास्पेरो याने पोटच्या पोराला समजवावे तसे समजावले. कार्टर ऐकेना. माझ्या पहारेकऱ्यांनी कर्तव्य केले, मी माफी कसली मागू, हा त्याचा हेका. शेवटी त्याची बदली नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या टांटा या आडबाजूच्या गावी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने राजीनामा दिला. वय एकतीस, गाठीला पैसा नाही, पदवी नाही आणि इंग्लंडात वशिला लावील असा बापही नाही.

हा हेका लक्षात ठेवावा. पुढे त्याचे नशीब याच हेक्याने उजळले आणि त्याला एकटाही यानेच पाडला.

कार्टरचा जन्म ९ मे १८७४ चा, लंडनचा. अकरा भावंडांत हा शेंडेफळ. वडील सॅम्युएल कार्टर प्राण्यांची चित्रे काढण्यात वाकबगार. श्रीमंतांचे घोडे आणि कुत्रे रंगवून घर चालवीत. पोर नाजूक प्रकृतीचे म्हणून त्याला नॉरफोक परगण्यातल्या स्वॉफहॅम गावी आत्यांकडे ठेवले. शाळा जेमतेमच झाली. चित्रकला मात्र बापाने हाताला धरून शिकवली. त्या गावाजवळ अ‍ॅम्हर्स्ट नावाच्या उमरावाचा वाडा होता आणि वाड्यात इजिप्तहून आणलेल्या प्राचीन वस्तूंचा मोठा संग्रह. बापाबरोबर तिथे जाणारा हा मुलगा त्या वस्तूंपुढे खिळून राही. अ‍ॅम्हर्स्टबाईंनी ते हेरले. थडग्यांतल्या भिंतीचित्रांच्या नकला करायला स्वस्तात मिळणारा एक चांगला हात हवा होता. त्यांनी या पोराचे नाव सुचवले. १८९१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कार्टर इजिप्तला निघाला.

त्याला पहिले काम मिळाले ते राजाच्या नव्हे, सरदारांच्या थडग्यांत. नाईलच्या पूर्व काठावर बेनी हसन येथे डोंगराच्या कड्यात खोदलेली, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीची ही थडगी आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये राजाच्या थडग्यात बहुधा देव, पाताळ आणि परलोकाचा प्रवास रंगवत; पण सरदार, कारभारी, कारागीर यांच्या थडग्यांच्या भिंतींवर घरदार उतरे. नांगरणी, सुगी, मासेमारी, कुस्त्यांचे डाव, दाणे मोजणारे कारकून! बेनी हसनला ख्नुमहोतेप नावाच्या सरदाराच्या थडग्यात एक बाभळ रंगवली आहे आणि तिच्या फांद्यांवर पक्षी बसले आहेत. तुऱ्याचा हुदहुदही त्यात आहे. कार्टरने केलेली त्या चित्राची जलरंगातली नक्कल पाहिली की वाटते, या मुलाने भिंतीवरचे पक्षी उतरवले नाहीत, ते पुन्हा एकदा बसवले. तो रात्री त्या थडग्यातच झोपे. इजिप्तची ओळख त्याला अशी भिंतीला नाक लावून झाली. पदवीधरांना ती पुस्तकांतून होत असे.

पुढच्या वर्षी तो फ्लिंडर्स पेट्री या कडक शिस्तीच्या पंडिताकडे अमार्ना येथे गेला. या पोराचा खोदकामात काही उपयोग होईल असे पेट्रीला वाटले नव्हते. पण मातीचा प्रत्येक थर आणि खापराचा प्रत्येक तुकडा नोंदवायचा, ही पेट्रीची सवय कार्टरने उचलली ती कायमची. नंतरची सहा वर्षे देर अल-बहरी येथे हॅतशेपसुत राणीच्या मंदिरातली शिल्पे रेखाटण्यात गेली. १९०० च्या सुरुवातीला मास्पेरोने त्याला दक्षिण इजिप्तच्या स्मारकांचा मुख्य निरीक्षक नेमले. शाळा न झालेल्या पंचवीस वर्षांच्या चित्रकाराला ही जागा मिळणे साधे नव्हते.

काम त्याने चोख केले. राजांच्या खोऱ्यातल्या थडग्यांना लोखंडी दारे बसवली, आत विजेचे दिवे आणले; मशालींच्या काजळीपासून चित्रे वाचली ती त्यामुळे. १९०१ मध्ये दुसऱ्या अमेनहोतेपच्या थडग्यात चोरी झाली, ममीची गुंडाळलेली वस्त्रे कापली गेली. कार्टरने एखाद्या कसलेल्या फौजदारासारखी धुळीतली पावले मोजली, त्यांचे फोटो घेतले आणि माग काढत तो अब्द अल-रसूल या, थडगी शोधण्यात पिढीजात तरबेज असलेल्या घराण्याच्या दारापर्यंत पोचला. न्यायालयात मात्र गुन्हा शाबीत झाला नाही. चोरांचा माग काढणारा हा कार्टरही विसरू नये. त्याचे काम पुढे आहे.

याच काळात त्याची एक फजिती झाली. देर अल-बहरीच्या पटांगणात त्याचा घोडा अडखळला आणि खाली भुयार लागले. दगडी दार शाबूत! कार्टरने १९०० साली खुद्द क्रोमरसह बड्या पाहुण्यांना बोलावून ते उघडले. आत निघाली एक रिकामी शवपेटी आणि कापडात गुंडाळलेला राजाचा पुतळा. पुतळा आज मोलाचा मानला जातो, पण त्या दिवशी पाहुण्यांपुढे कार्टरची मान खाली गेली. या खोऱ्याने त्याला आणखी एकदा हुलकावणी दिली. १९०२ मध्ये त्याने एका थडग्याच्या तोंडाशी थोडे उकरले, काही विशेष नाही म्हणून सोडले आणि नंतर त्या दारावर उत्खननातला राडारोडा पडत राहिला. १९९५ मध्ये केंट वीक्स या अमेरिकन संशोधकाने जगाला सांगितले की ते दुसऱ्या रामसेसच्या मुलांचे थडगे आहे, आणि त्यात आजवर शंभराहून अधिक दालने मोजली गेली आहेत. खोऱ्यातले सर्वांत मोठे थडगे कार्टरच्या पायाखाली होते.

राजीनाम्यानंतरची वर्षे हलाखीची होती. लक्सरला प्रवाशांना जलरंगातली चित्रे विकायची, कुणाला थडगी दाखवायची, कुणासाठी पुराणवस्तूंची खरेदी-विक्री जमवून द्यायची. या शेवटच्या धंद्याबद्दल त्याचे चरित्रकार जरा चाचरत बोलतात. मी तसे करणार नाही. वस्तू आणि मालक यांच्या मध्ये उभे राहण्याची सवय त्याला इथे लागली असे मला वाटते.

मग लॉर्ड कार्नार्व्हन भेटला. घोड्यांच्या शर्यतींचा आणि मोटारींचा शौकीन उमराव. जर्मनीत मोटार उलटून छाती दुखावली, डॉक्टरांनी हिवाळ्यात इजिप्तला जायला सांगितले, आणि तिथे वेळ जात नाही म्हणून त्याने खोदकामाचा परवाना काढला. जाणता माणूस हवा होता. मास्पेरोने कार्टरला पुढे केले. पैसा एकाचा आणि डोळा दुसऱ्याचा अशी ही भागीदारी जुळली.

राजांच्या खोऱ्याचा परवाना तेव्हा थिओडोर डेव्हिस या श्रीमंत अमेरिकनाकडे होता. १९१४ मध्ये त्याने तो सोडला, कारण त्याच्या मते खोरे रिकामे झाले होते. कार्टरला ते पटले नाही. डेव्हिसलाच सापडलेल्या एका पेल्यावर, सोन्याच्या काही पत्र्यांवर आणि मडक्यांतल्या सामानावर तुतनखामेन या फारशा न ऐकलेल्या राजाचे नाव होते. राजा इथेच कुठेतरी निजला आहे, हे कार्टरने ताडले. महायुद्धामुळे काम खरे सुरू झाले १९१७ मध्ये. त्याने खोऱ्याच्या नकाशावर चौकटी आखल्या आणि एकेक चौकट मूळ खडक लागेपर्यंत साफ करायची ठरवली. हजारो टन राडारोडा उपसला गेला. पाच हंगामांत नाव घेण्याजोगे मिळाले ते तेरा दगडी भांडे! सहाव्या रामसेसच्या थडग्याखाली प्राचीन मजुरांच्या झोपड्यांचे पाये लागले होते, पण तिथे खणले तर प्रवाशांची वाट अडते म्हणून तो तुकडा मागे ठेवला गेला.

१९२२ च्या उन्हाळ्यात कार्नार्व्हनने हायक्लेअरच्या आपल्या वाड्यावर कार्टरला बोलावून आता पुरे म्हणून सांगितले. कार्टरने नकाशावरचा तो उरलेला तुकडा दाखवला आणि एक हंगाम मी स्वतःच्या खर्चाने करतो, सापडले तर ते तुमचे, असे सुचवले. त्याच्याजवळ एवढे पैसे कुठे होते? उमराव वरमला आणि त्याने आणखी एका हंगामाचा खर्च सोसायचे कबूल केले.

१ नोव्हेंबरला काम सुरू झाले. ४ नोव्हेंबरच्या सकाळी झोपड्यांच्या पायाखाली दगडात कोरलेली एक पायरी लागली. लक्सरला सांगतात की पाणक्या पोराने मडके टेकवायला वाळू उकरली आणि त्याला ती दिसली. मुकादम अहमद गेरिगर याच्या हाताखालच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बारा पायऱ्या मोकळ्या केल्या, तेव्हा शिक्के मारलेल्या चुन्याच्या दाराचा वरचा भाग दिसला. आणि इथे कार्टरने जे केले ते मला त्या मेणबत्तीपेक्षा मोठे वाटते. त्याने पायऱ्या पुन्हा बुजवल्या, कार्नार्व्हनला तार केली आणि जवळजवळ तीन आठवडे थांबला. तीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते हातभर अंतरावर असताना!

कार्नार्व्हन आणि त्याची मुलगी लेडी एव्हलिन २३ नोव्हेंबरला लक्सरला पोचले. दुसऱ्या दिवशी सोळा पायऱ्या उघड्या झाल्या आणि दाराच्या खालच्या भागात तुतनखामेनचे नाव सापडले. २६ तारखेला आतल्या दुसऱ्या दाराला भोक पाडून कार्टरने मेणबत्ती आत धरली. काही दिसते का, या प्रश्नाला त्याने काय उत्तर दिले ते पुस्तकापुस्तकात छापलेले आहे. गंमत म्हणजे त्याची टाचणे, त्याचे पुस्तक आणि कार्नार्व्हनचे टिपण यांत ते शब्द वेगवेगळे आहेत. आतल्या वस्तूंबद्दल मात्र दुमत नाही. प्राण्यांच्या मुंडक्यांचे तीन सोनेरी पलंग, सुटे करून रचलेले रथ, दाराच्या दोन्ही अंगांना राजाचे दोन काळे पुतळे. माळ्यावर टाकावे तसे सारे सामान कोंबलेले.

त्यानंतरच्या एका रात्री कार्टर, कार्नार्व्हन, एव्हलिन आणि कॅलेंडर हा सहकारी चोरांनी पूर्वी पाडलेल्या भोकातून सरपटत मुख्य दफनगृहात गेले, पाहून आले आणि भोकापुढे टोपली व बोरू ठेवून ते झाकले. सरकारी निरीक्षक नसताना असे जाणे गैर होते. जगासमोर दफनगृह उघडले गेले ते फेब्रुवारी १९२३ मध्ये, पहिल्यांदाच उघडत असल्याच्या थाटात.

पण श्रेय द्यायचे तिथे द्यावेच लागेल. दुसरा कोणी असता तर सोने पुढे आणि बाकीचे उकिरड्यावर गेले असते. कार्टरने प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला, जागेवर असतानाच हॅरी बर्टनकडून तिचे छायाचित्र घेतले, चित्र काढले, कार्ड लिहिले. वस्तू भरल्या ५,३९८. मण्यांच्या चपलांचा दोरा कुजलेला. हात लावला की मणी घरंगळणार. मग आधी वितळलेले मेण ओतायचे, थिजले की उचलायचे. कपड्यांनी भरलेली एकच रंगीत पेटी रिकामी करायला तीन आठवडे लागले. आल्फ्रेड ल्युकास हा रसायनशास्त्रज्ञ आणि आर्थर मेस हा अमेरिकेच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा माणूस शेजारच्या दुसऱ्या सेतीच्या थडग्यात प्रयोगशाळा थाटून बसले. पेट्या नदीपर्यंत न्यायच्या होत्या, अंतर साडेपाच मैल आणि रूळ होते थोडेसेच. मजुरांनी मागचे रूळ उचलून पुढे टाकत, मे महिन्याच्या उन्हात पंधरा तास गाडे ढकलले. हे काम दहा वर्षे चालले.

घरात मात्र कलह सुरू झाला होता. कार्नार्व्हनने बातम्यांचा मक्ता पाच हजार पौंडांना लंडनच्या ‘टाइम्स’ला विकला. म्हणजे इजिप्शियन वृत्तपत्रांनी आपल्याच राजाची बातमी परक्या पेपरात वाचायची! त्याच वर्षी, १९२२ च्या फेब्रुवारीत, देश निदान नावापुरता स्वतंत्र झाला होता. लोकांचा संताप साहजिक होता. बातमी न मिळालेल्या वार्ताहरांनी शापाची बातमी रचली. कार्नार्व्हनला डास चावला, जखम चिघळली आणि ५ एप्रिल १९२३ रोजी तो कैरोत वारला. मग काय विचारता! शापाचे एवढेच सांगतो की कार्टर त्यानंतर सोळा वर्षे जगला आणि त्या रात्री सरपटत आत गेलेली एव्हलिन १९८० साली वारली.

खरा पेच वेगळाच होता. परवान्यातली अट अशी की थडगे अस्पर्श असेल तर सारे सरकारचे, लुटले गेले असेल तर शोधणाऱ्यालाही वाटा. तुतनखामेनच्या थडग्यात प्राचीन काळीच चोर दोनदा शिरून गेले होते. मग हे लुटलेले की अस्पर्श? साद झगलूल यांचे राष्ट्रवादी सरकार १९२४ च्या जानेवारीत आले आणि ताण वाढला. १२ फेब्रुवारीला दगडी पेटीचे टनाहून जड झाकण दोरखंडांनी वर उचलले गेले. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांच्या बायकांना थडगे दाखवायचे ठरले होते; मंत्री मोर्कोस हन्ना यांनी परवानगी नाकारली. कार्टर भडकला. झाकण तसेच अधांतरी ठेवून त्याने थडग्याला कुलूप घातले आणि हॉटेलात काम बंद केल्याची सूचना लावली. दावा लावायला त्याने वकील निवडला तोही असा, की ज्याने पूर्वी याच हन्नांवर इंग्रजांच्या वतीने राजद्रोहाचा खटला चालवला होता. सरकारने कुलपे तोडून थडगे ताब्यात घेतले.

सक्काराला इजिप्शियन पहारेकऱ्यांसाठी नोकरीवर लाथ मारणारा तो हाच माणूस. मी या दोन कार्टरांची सांगड घालायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. मला वाटते, त्याच्या हाताखालची माणसे त्याची होती आणि थडगेही त्याचे होते. आपले म्हटले की तो त्यासाठी कुणाशीही भांडे. ज्यांचे थडगे खरोखर होते त्यांनी हक्क सांगितला, हे मात्र त्याला कधी समजले नाही.

कुलूप तुटल्यावर झडती झाली आणि शेजारच्या गोदामात दारूच्या बाटल्यांच्या एका खोक्यात राजाचे लाकडी मस्तक मिळाले; कमळातून उमलणारे, कोवळे. त्याची नोंद कुठेही नव्हती. सुरुवातीच्या घाईत ते बाजूला ठेवले होते, असा खुलासा झाला आणि प्रकरण मिटले. त्या वर्षअखेर झगलूल यांचे सरकार पडले, कार्नार्व्हनच्या पत्नीने वाट्यावरचा हक्क सोडला आणि जानेवारी १९२५ मध्ये कार्टर परतला. पुढे १९३० मध्ये सरकारने खर्चापोटी कार्नार्व्हन कुटुंबाला सुमारे ३६ हजार पौंड दिले.

परतल्यावर शवपेट्या उघडल्या. एकात एक तीन. सर्वांत बाहेरच्या पेटीच्या कपाळावर फुलांचा लहानसा हार वाळून तसाच होता. त्यातल्या फुलाफळांवरून कळले की अठरा-एकोणीस वर्षांच्या या राजाला मार्च-एप्रिलच्या सुमारास पुरले. सर्वांत आतली पेटी भरीव सोन्याची, ११० किलोंची. पण ओतलेल्या धूपरसाने ममी पेटीला चिकटली होती. नोव्हेंबर १९२५ मध्ये डॉ. डग्लस डेरी आणि डॉ. सालेह बे हम्दी यांनी ती सोडवली ती तुकडे करून. मुखवट्यातले मस्तक तापवलेल्या सुऱ्यांनी मोकळे केले. चपलेच्या मण्याला जपणाऱ्या कार्टरने हे होऊ दिले. वाळूच्या तबकात अवयव नीट मांडून राजाला परत थडग्यात ठेवले. १९६८ मध्ये क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा ते तुकडे जगासमोर स्पष्टपणे आले.

काम १९३२ मध्ये संपले. एवढ्या मोठ्या शोधानंतर इंग्लंडने त्याला एकही किताब दिला नाही. लग्न केले नव्हते, मित्र थोडे. शोधाचा शास्त्रीय ग्रंथ लिहायचे मनात होते; सर्वसामान्यांसाठीचे तीन खंड तेवढे झाले. २ मार्च १९३९ रोजी लंडनमध्ये कर्करोगाने तो वारला, वय चौसष्ट. पटनी व्हेलच्या दफनभूमीत मोजकी माणसे होती. त्यांत लेडी एव्हलिन होती.

मृत्युपत्राप्रमाणे घरातल्या वस्तूंची यादी करताना बर्टनला तुतनखामेनच्या थडग्यातल्या काही वस्तू मिळाल्या. त्या गाजावाजा न करता इजिप्तला परत गेल्या. मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही २०१० मध्ये अशा १९ छोट्या वस्तू परत करण्याचे ठरवले. २०२२ मध्ये एक जुने पत्र छापले गेले. कार्टरने अ‍ॅलन गार्डिनर या भाषापंडिताला एक ताईत भेट दिला होता. तो याच थडग्यातून चोरलेला असल्याचे कैरो संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने ओळखले आणि १९३४ मध्ये गार्डिनरने तसे कार्टरला कळवले होते. अब्द अल-रसूल घराण्याच्या दारापर्यंत पावले मोजत गेलेला निरीक्षक तो हाच.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांजवळ नव्या भव्य संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि थडग्यातला सारा संग्रह प्रथमच एका जागी मांडला गेला. कार्टरची कार्डे, नकाशे आणि रोजनिशी त्याच्या पुतणीने ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ संस्थेला दिली. ती आता घरबसल्या कुणालाही वाचता येतात. त्यातले ४ नोव्हेंबर १९२२ चे पान मी काढून पाहिले. पायरी लागली, एवढीच नोंद. तीही ओळभर नाही.